अवघड पॉलिप आणि दुर्बीण: पोट न कापता मोठ्या आतड्यातली वाढ कशी काढतात

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, आणि पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली वाढ. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर कधी कधी एक ओळ असते: मोठा, सपाट पॉलिप, दुर्बिणीतून काढण्याजोगा नाही, सर्जनचा सल्ला घ्यावा. ती वाचली की घरातल्यांच्या मनात दोनच शब्द येतात, कॅन्सर आणि ऑपरेशन. खरं तर त्या ओळीने यातलं काहीच सिद्ध झालेलं नसतं. ‘काढण्याजोगा नाही’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की त्या दिवशी, हाताशी असलेल्या साधनांनी आणि हाताशी असलेल्या वेळात तो काढायला जाणं त्या डॉक्टरांना शहाणपणाचं वाटलं नाही. थांबण्याचा हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. पण तिथून निघणारी वाट थेट ऑपरेशन थिएटरलाच जाते, असं समजायचं कारण नाही.

अमेरिकेत २००० ते २०१४ या काळात कॅन्सर नसलेल्या पॉलिपसाठी आतड्याचा भाग कापून काढण्याचं प्रमाण एक लाख प्रौढांमागे ५.९ वरून ९.४ वर गेलं. गंमत अशी, की नेमक्या याच वर्षांत दुर्बिणीतून पॉलिप काढायच्या पद्धती झपाट्याने सुधारत होत्या. अशी ऑपरेशनं झालेल्या बारा हजारांवर रुग्णांच्या नोंदी तिथे तपासल्या गेल्या. शंभरातल्या १४ जणांना ऑपरेशननंतर काही ना काही गंभीर त्रास झाला होता आणि हजारातले सात महिन्याभरात दगावले होते. कॅन्सर झालेलाच नाही अशा वाढीसाठी ही किंमत मला तरी फार वाटते.

ऑपरेशन कधीच नको, असं मुळीच नाही. काही पॉलिपना तेच लागतं, आणि कोणत्या, ते पुढे येईलच. पण कोणत्या पॉलिपवर काय करायचं हे नीट ठरेपर्यंत त्याला कुणी अर्धवट हात लावू नये, हे या सगळ्या विषयाचं सार आहे. अवघड पॉलिपवर पहिला प्रयत्न होतो तेव्हाच तो काढायला सगळ्यात सोपा असतो. त्यानंतर तो अवघडच होत जातो.

दोन-तीन मिलिमीटरची भिंत

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. गुदद्वारातून आत शिरलं की आधी गुदाशय, मग डाव्या अंगाने वर, पोटात आडवं, मग उजव्या अंगाने खाली. शेवटी सीकम नावाची पिशवी लागते. लहान आतडं तिथेच येऊन मिळतं आणि अपेंडिक्सचं तोंडही तिथेच असतं. कोलोनोस्कोप म्हणजे या वाटेने शेवटपर्यंत जाणारी बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, आणि आतून अवजार सरकवायला जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीचा मार्ग. सुई, फास, चाकू, क्लिप, सगळं त्या एका मार्गातून जायचं. बाहेर उभ्या माणसाने मीटरभर लांबून चाकं फिरवत हे चालवायचं, आणि आतडं मध्येच आकसत राहणार.

गॅसने फुगवलेल्या आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटर जाड असते, उजवीकडे त्याहूनही पातळ. एवढ्याशा जाडीत चार थर आहेत. सगळ्यात आत अस्तर, डॉक्टरी भाषेत म्युकोसा. त्याखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला सैलसर थर, सबम्युकोसा. मग स्नायू, आणि बाहेरून पातळ आवरण. पॉलिप उगवतो तो अस्तरात.

बहुतेक पॉलिप आयुष्यभरात कधी कॅन्सरपर्यंत पोचत नाहीत. जे पोचतात त्यांनाही सहसा दहा-एक वर्षं लागतात, आणि आकार वाढतो तशी ती शक्यता वाढत जाते. पण यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट भिंतीच्या रचनेतच आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरात लिम्फच्या वाहिन्या, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, जवळपास नसतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कितीही बिघडलेल्या दिसल्या, तरी जोवर त्या अस्तराच्या आत आहेत तोवर त्यांना शरीरात इतरत्र जायला वाट नसते. पॉलिप मुळापासून निघाला की विषय संपला. पेशी खालच्या सैल थरात उतरल्या की मात्र वाट मोकळी होते. तिथेही पहिल्या एका मिलिमीटरपर्यंत, आणि बाकीची लक्षणं चांगली असतील तर, त्या लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे या वाहिन्यांवरच्या गाठींपर्यंत, गेल्या असण्याची शक्यता बरीच कमी असते. त्यापेक्षा खोल गेल्या असतील तर दुर्बिणीतून वरचा भाग काढून भागत नाही. आतड्याचा तो तुकडा आणि त्याच्या आसपासचे लिम्फ नोड काढावे लागतात.

म्हणजे दुर्बीण की ऑपरेशन याचा निकाल पॉलिपच्या रुंदीवर कमी आणि खोलीवर जास्त ठरतो.

अवघड कशाने होतो

देठ असलेला पॉलिप मोठा दिसला तरी तुलनेने सरळ असतो. देठातून जाड रक्तवाहिनी जात असते. तिला आधी आवळपट्टी किंवा क्लिप लावायची, मग वरून कापायचं. खरा त्रास देतात ते सपाट, भिंतीला चिकटून आडवे पसरणारे पॉलिप. जपानचे डॉक्टर शिन-एई कुदो यांनी १९९३ मध्ये या आडव्या पसरणाऱ्या वाढींना वेगळी ओळख दिली. त्यांच्यात दोन जाती मानतात, रवाळ पृष्ठभागाच्या आणि गुळगुळीत. इथे आकार माणसाला फसवतो. पाच सेंटिमीटरचा एकसारखा रवाळ पॉलिप बघायला भयंकर वाटतो, पण तो बहुधा वरवरच पसरलेला असतो. त्याउलट दोन सेंटिमीटरचा गुळगुळीत, मध्ये खोलगट झालेला पॉलिप गपचूप खाली उतरलेला असू शकतो. रुग्णाला सांगताना मात्र सगळा भर सेंटिमीटरवर दिला जातो.

जागेचंही तसंच. आतड्याच्या घडीमागे दडलेला, लहान आतडं जिथे उघडतं त्या झडपेवर बसलेला, अपेंडिक्सच्या तोंडात शिरलेला, किंवा गुदद्वाराच्या अगदी काठावरचा पॉलिप, या प्रत्येकाची तऱ्हा निराळी. काठावरच्या भागात वेदनेच्या नसा असतात, त्यामुळे तिथे सुन्न करायचं इंजेक्शन वेगळं द्यावं लागतं. कधी कोलोनोस्कोप वळणावर स्थिर राहत नाही; पुढे ढकलायला जावं तर टोक मागे येतं. ऑक्सफर्डमध्ये २०११ साली यावर गुणांची एक पद्धत आली. आकार, घडण, जागा आणि तिथवर पोचण्यातली अडचण अशा चार गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरजेवरून पॉलिप किती अवघड ते चार पायऱ्यांत मांडायचं. चौथ्या पायरीचा पॉलिप नेहमीच्या तपासणीत समोर आला तर फोटो काढून बाहेर यावं आणि अशा कामात मुरलेल्या हाताकडे पाठवावं, हा त्यामागचा व्यवहार.

या सगळ्याहून जास्त डोकेदुखी असते ती आधीच्या जखमेची. कुणी आधी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून अर्धा पॉलिप काढला आणि जमेना म्हणून सोडला. कुणी खात्री करायला म्हणून पाच-सहा ठिकाणचे तुकडे घेतले. कुणी जागा पुढे सापडावी म्हणून काळी शाई टोचली, ती नेमकी पॉलिपच्या खाली. या प्रत्येक वेळी खालचा सैल थर भरून येताना कडक होतो, अस्तर स्नायूला चिकटतं. ज्या थरावर पुढचं सगळं कौशल्य अवलंबून आहे तोच थर हातातून जातो. म्हणून शाई टोचायचीच असेल तर ती पॉलिपपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर टोचतात. सपाट मोठ्या पॉलिपवर बायोप्सीचे तुकडे शक्यतो घेत नाहीत. घेतलेल्या कणभर तुकड्यात नेमका बिघडलेला भाग येईलच याची हमी नसते, आणि व्रण तर राहतोच.

आधी बघायचं, मग ठरवायचं

बायोप्सी नाही तर मग कॅन्सर आहे की नाही हे कळायचं कसं? बघून. इथे सामान्य माणसाचा विश्वास बसत नाही, पण निरखून बघणं हा या कामाचा निम्मा भाग आहे. अस्तरावर बारीक ग्रंथींची तोंडं असतात, आणि पॉलिप कोणत्या जातीचा आहे त्यानुसार त्या तोंडांची नक्षी बदलते. कुदो यांनीच या नक्षींची वर्गवारी केली. आता बहुतेक यंत्रांत एक बटण असतं. ते दाबलं की फक्त निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश पडतो, आणि त्यात पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या उठून दिसतात. नक्षी आणि वाहिन्या नीट, सुसंगत असतील तर वाढ वरवरची. नक्षी पुसली गेली असेल, वाहिन्या तुटक झाल्या असतील, तर पेशी खोल उतरल्याचा संशय. अनुभवी डॉक्टर पाच-दहा मिनिटं नुसते धुतात, बघतात, फोटो काढतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, आत काहीच सुरू झालेलं नाही.

ही पारख करायला आतडं स्वच्छ हवं. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पहाटे असं दोन हप्त्यांत पावडरचं पाणी प्यायला सांगतात ते यासाठीच. दुसरा हप्ता पहाटे उठून पिणं जिवावर येतं, पण तोच चुकवला की उजवीकडच्या भागात चिकट थर राहतो आणि सपाट पॉलिप नेमके तिथेच जास्त लपतात.

पाणी टोचून उचलायचं

तारेचा फास टाकून विजेने पॉलिप कापण्याचं काम कोलोनोस्कोपमधून पहिल्यांदा झालं ते १९६९ मध्ये, न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये. विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन सर्जननी ते केलं. देठाच्या पॉलिपला ते उत्तम लागू पडलं. सपाट पॉलिपला मात्र फास घट्ट बसत नाही, आणि बसवायला जावं तर खालचा स्नायूही त्यात ओढला जाण्याची भीती. विजेची धग स्नायूला लागली की भिंतीला भोक.

यावरचा तोडगा इतका साधा आहे की तो सुचायला हुशारीच लागली असणार. बारीक सुईने अस्तराखाली द्रव टोचायचा. तव्यावरची भाकरी फुगली की पापुद्रा वर सुटतो आणि खालची बाजू जागेवर राहते, तसं अस्तर पॉलिपसकट वर उचललं जातं आणि स्नायू खाली राहतो. मध्ये द्रवाची उशी. आता फास टाकून कापलं तर धग त्या उशीत मुरते. ताठ नळीच्या दुर्बिणीतून ही युक्ती १९५५ मध्येच वापरली गेली होती. लवचीक दुर्बिणीत ती पुढे जपानी डॉक्टरांनी घासूनपुसून पक्की केली. हीच ईएमआर, म्हणजे एंडोस्कोपिक म्युकोसल रिसेक्शन. द्रव साधं सलाइन असू शकतं, पण ते चटकन शोषलं जातं, म्हणून जिलेटिन, ग्लिसरॉल किंवा हायलुरोनिक ॲसिडचा घट्टसर द्रव पसंत करतात. त्यात थोडा निळा रंग मिसळतात. कापल्यावर जखमेत निळा थर दिसला की आपण योग्य पातळीवर आहोत हे कळतं. निळ्याच्या मध्ये पांढरं वर्तुळ दिसलं तर स्नायू कापला गेलाय, लगेच क्लिप लावायची. कापलेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूलाही हीच खूण दिसते, म्हणून तोही उलटा करून बघतात.

द्रव टोचूनही पॉलिप वर येत नसेल तर दोनच अर्थ: खाली आधीचा व्रण आहे, किंवा पेशी खोल रुजल्या आहेत. पॉलिप अजून कुणी छेडलेला नसेल तर दुसरा संशय बळावतो. आधीच्या बायोप्सीने हीच खूण गढूळ होते. न उचलणारा पॉलिप बघून कुणी ‘कॅन्सरच असेल’ म्हणतो, आणि निघतो तो निव्वळ व्रण.

यातले बारकावे बाहेरून कळत नाहीत. कोलोनोस्कोपच्या टोकातून अवजार नेहमी एकाच बाजूने बाहेर येतं, घड्याळात पाच-सहा वाजले असताना तास-काटा जिथे असतो साधारण तिथून. म्हणून पॉलिप पडद्यावर त्या जागी येईल अशी नळी फिरवून घेतात. रुग्णाला कुशीवरून उताणं करतात, तेही उगाच नसतं. सांडलेलं पाणी आणि रक्त पॉलिपपासून दूर जमावं म्हणून. आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो आणि नंतर पोट दुखत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या केनेथ बिनमोलर यांनी २०१२ मध्ये याच्या बरोबर उलटा मार्ग दाखवला: गॅस काढून घ्यायचा, आतडं पाण्याने भरायचं, काही टोचायचंच नाही. पाण्यात अस्तर सैल होऊन तरंगतं, स्नायू गोल आणि लांब राहतो, आणि फास थेट बसतो. व्रणावर पुन्हा उगवलेल्या पॉलिपसाठी ही पद्धत विशेष कामाची आहे, कारण तिथे टोचून काही उचलतच नाही.

अख्खा की तुकड्यातुकड्यांनी

फासाला मर्यादा आहे. दोन सेंटिमीटरपलीकडचा सपाट पॉलिप त्यात एकसंध मावत नाही, तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो. यात दोन उणिवा. पहिली, दोन तुकड्यांच्या मध्ये किंवा कडेला कणभर पॉलिप राहिला तर तो पुन्हा उगवतो. दुसरी, तुकडे जुळवून खोली नेमकी मोजणं पॅथॉलॉजिस्टला कठीण जातं.

पहिल्या उणिवेवर सिडनीतल्या गटाने छान काम केलं. पॉलिप पूर्ण निघालाय असं दिसत असतानाही जखमेची कड फासाच्या टोकाने हलकी भाजून घ्यायची, एवढंच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कड न भाजलेल्यांत शंभरातल्या २१ जणांना पॉलिप परत आला, भाजलेल्यांत पाच जणांना. दोन मिनिटांचं काम, वेगळं अवजार नाही, वेगळा खर्च नाही. वैद्यकात इतका स्वस्त फायदा क्वचित मिळतो. परत आलेला पॉलिपही सहसा बारीक असतो आणि पुढच्या तपासणीत तिथल्या तिथे निघतो.

दुसऱ्या उणिवेवरचं उत्तर म्हणजे ईएसडी, एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन. यात फास नसतो. दीड-दोन मिलिमीटरच्या विजेच्या चाकूने पॉलिपभोवती अस्तर कापत जायचं, मग अस्तराखाली शिरून निळ्या थराचे तंतू एक एक तोडत सगळा पॉलिप अख्खा सोडवून काढायचा. चार-पाच सेंटिमीटरचा पॉलिपसुद्धा एकसंध हातात येतो. त्याला दोन-तीन तास लागू शकतात, कधी जास्त. पद्धत जन्मली जपानमध्ये, जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी. टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात चाकूच्या टोकाला चिनी मातीचा बारीक गोळा बसवण्याची कल्पना निघाली, टोक चुकून खाली रुतू नये म्हणून. जपानच्या आरोग्य विम्यात जठराची ईएसडी २००६ मध्ये आली, मोठ्या आतड्याची मात्र २०१२ मध्ये. मधली सहा वर्षं बरंच सांगून जातात. जठराची भिंत जाड, जागा ऐसपैस; आतड्यात भिंत पातळ आणि वळणं. जपानी डॉक्टर आधी जठरावर हात बसवतात, मग आतड्याकडे येतात. जिथे जठराचे एवढे लवकर सापडलेले रुग्णच नाहीत, तिथे शिकायचं कशावर, हा प्रश्न युरोपलाही पडला आणि आपल्यालाही आहे.

मग प्रत्येक मोठ्या पॉलिपला ईएसडीच का नको? यावर तज्ज्ञांत खडाजंगी आहे. अडीच सेंटिमीटरहून मोठ्या, कॅन्सर नसलेल्या पॉलिपवर फ्रान्समध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी पॉलिप परत येण्याचं प्रमाण ईएसडीत ०.६ टक्के, तर ईएमआरमध्ये ५.१ टक्के होतं. त्रास मात्र ईएसडीत जास्त झाले. मला विचाराल तर, ज्या पॉलिपमध्ये वरवरचा कॅन्सर असण्याची शंका आहे, किंवा जो गुदाशयात आहे, त्यासाठी ईएसडीचा आग्रह धरावा. गुदाशयाचं ऑपरेशन मोठं, त्यात शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागण्याचीही शक्यता. तिथे अख्खा पॉलिप मिळण्याचं मोल फार. सीकममधल्या निरुपद्रवी रवाळ पॉलिपसाठी ईएमआर नीट येणारा डॉक्टर, ईएसडी नुकतीच शिकलेल्या डॉक्टरपेक्षा केव्हाही बरा.

उरलेल्या दोन पद्धती थोडक्यात. वीज न वापरता नुसत्या फासाने तुकडे काढणं सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखे दाते दिसणाऱ्या (सेरेटेड) सपाट पॉलिपना चांगलं लागू पडतं. धग नाही, त्यामुळे भोक पडण्याची भीती जवळपास नाही. मोठ्या साध्या पॉलिपमध्ये मात्र ते परत येण्याचं प्रमाण वाढतं. आणि जिथे व्रणामुळे काहीच उचलत नाही, तिथे दोन सेंटिमीटरपर्यंतच्या पॉलिपसाठी आधी भिंतीला मोठी क्लिप आवळून मग आतला भाग भिंतीच्या सगळ्या थरांसकट कापायचं उपकरण जर्मनीतून आलं आहे. भोक पडण्याआधीच ते बुजवलेलं असतं.

धोके, आडपडदा न ठेवता

मोठा पॉलिप काढल्यावर शंभरातल्या सहा-सात जणांना नंतर रक्तस्राव होतो, बहुधा पहिल्या काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांपर्यंत. बऱ्याचदा तो आपोआप थांबतो, काहींना पुन्हा दुर्बीण घालून थांबवावा लागतो. ईएमआरमध्ये भिंतीला भोक पडण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन, ईएसडीत त्याहून जास्त, चार-पाचपर्यंत. पडलेलं भोक तेव्हाच दिसलं तर क्लिपने बंद होतं आणि ऑपरेशन टळतं. धोकादायक असतं ते न दिसलेलं भोक. उजव्या बाजूच्या मोठ्या जखमा क्लिपने पूर्ण बंद केल्या तर रक्तस्राव ९.६ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर येतो, हे २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. डाव्या बाजूला तसा फायदा दिसला नाही. म्हणून बिलात क्लिपची संख्या जास्त दिसली की लगेच फसवणूक समजू नये, पण किती लावल्या आणि का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

घरी आल्यावर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पोट ताठ होणं, गाठी पडून रक्त जाणं, उभं राहताच चक्कर, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून मुंबई-पुण्याला येऊन हे काम करून घेणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी रात्रीची गाडी पकडू नये. पहिले काही दिवस जवळपास राहावं. पुढचे दोन आठवडे लांबचा प्रवास आणि जड उचलणं टाळावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हा वेगळाच घोळ आहे. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी बंद करतात, वॉरफॅरिन पाच दिवस, नवी औषधं दोन-तीन दिवस. ॲस्पिरिन पुष्कळदा चालू ठेवतात. पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही गोळी स्वतःहून बंद करायची नाही. रक्तस्राव थांबवता येतो, बंद पडलेला स्टेंट ही त्याहून गंभीर गोष्ट आहे. आणि क्लिप लावल्या असतील तर पुढचे काही महिने एमआरआय करण्याआधी तिथल्या माणसाला ते सांगायचं. क्लिप नंतर आपोआप गळून शौचावाटे निघून जातात.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट

अख्खा काढलेला पॉलिप कॉर्कच्या तुकड्यावर टाचण्यांनी ताणून बसवतात, मग फॉर्मालिनमध्ये घालतात. तो वाकडा आकसला तर कड आणि खोली मोजताच येत नाही. आठवड्याभरात रिपोर्ट येतो आणि घरोघरी घबराट होते ती ‘हाय ग्रेड डिस्प्लेझिया’ या शब्दांवर. पेशी बऱ्याच बिघडल्या होत्या, पण अस्तराच्या आत होत्या, एवढाच त्याचा अर्थ. पॉलिप पुरता निघाला असेल तर पुढे उपचार लागत नाही. ‘इंट्राम्युकोसल’ असं लिहून पुढे कॅन्सर हा शब्द आला तरी मोठ्या आतड्यात अर्थ तोच.

खरं लक्ष द्यायचं ते वेगळ्या ओळींकडे: सबम्युकोसात किती खोल, एक मिलिमीटरच्या आत की बाहेर, रक्तवाहिनीत किंवा लिम्फवाहिनीत पेशी शिरल्या आहेत का, खालची कड मोकळी आहे का, पेशी कमी विकसित आहेत का, कडेला पेशींचे सुटे पुंजके दिसतात का. यातलं काही विपरीत असेल तर सर्जनकडे जायचं, आणि तेव्हा उशीर करायचा नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन १९८५ च्या जुलैमध्ये एक लहान पॉलिप काढून घ्यायला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात गेले. त्याच तपासणीत सीकममध्ये एक मोठी वाढ सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या आतड्याचा सुमारे दोन फूट भाग काढला गेला, आणि आठेक तास उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी कारभार सांभाळला. कॅन्सर स्नायूपर्यंत गेलेला होता. आजची सगळी अवजारं हाताशी असती तरी तिथे ऑपरेशनच करावं लागलं असतं. रेगन त्यानंतर एकोणीस वर्षं जगले.

जाण्याआधी, आल्यानंतर

आपल्याकडे अडचण याच्याही आधी सुरू होते. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर आहेत, मोठ्या आतड्याचा नाही. शौचातून रक्त गेलं की निदान घरातच होतं: मूळव्याध. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेली हमखास इलाजाची जाहिरात तर तयारच असते. मूळव्याध असतेही बऱ्याच जणांना. पण ती आहे म्हणून वर पॉलिप नाही, असं कुठे असतं? चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त गेलं, शौचाची सवय बदलली किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर मलमावर भागवू नये.

मोठा पॉलिप सापडला आणि डॉक्टरांनी तो तसाच ठेवला तर त्यांच्याकडून एवढं मागून घ्यावं: रंगीत फोटो, जमल्यास व्हिडिओ, आकार, नेमकी जागा, आणि बायोप्सी घेतली की नाही, शाई टोचली की नाही. एवढ्यावर दुसऱ्या केंद्रातले डॉक्टर बरंचसं ठरवू शकतात. तिथे गेल्यावर विचारायला संकोच नको: असे पॉलिप तुम्ही किती वेळा काढता? हा एकसंध निघेल की तुकड्यांनी? भोक पडलं तर इथेच सर्जन आहेत का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर चिडत नाही. मोठी हॉस्पिटलं असे पॉलिप सर्जन आणि एंडोस्कोपिस्ट, म्हणजे दुर्बिणीचं काम करणारे डॉक्टर, एकत्र बसून ठरवतात. तशी सोय असेल तर सोन्याहून पिवळं.

तुकड्यांनी काढलेल्या पॉलिपची जागा साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघतात, आणि सगळं ठीक असेल तर त्यानंतर वर्षाने. पहिली फेरी लोक चुकवत नाहीत, दुसरी मात्र ‘आता तर काहीच त्रास नाही’ म्हणून राहते. पॉलिप परत उगवला तरी त्रास काहीच होत नाही, हीच तर त्याची खोड आहे. शिवाय ज्याला एक मोठा पॉलिप झाला त्याच्या आतड्यात दुसरीकडेही होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून दोन्ही फेऱ्यांत नुसती जुनी जखम बघून परत फिरत नाहीत, सगळं आतडं पाहतात.

भावंडांना आणि मुलांनाही हे कळवायला हवं. साठीच्या आत कुणाला मोठा किंवा बराच बिघडलेला पॉलिप निघाला असेल, तर सख्ख्या नात्यातल्यांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या व्यक्तीला ज्या वयात तो सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, पहिली कोलोनोस्कोपी करून घ्यावी.